विश्लेषण : घरचा संघ गाव का सोडतो? कॉनी मॅक आणि फिलाडेल्फियाच्या ‘पांढऱ्या हत्ती’ची गोष्ट

अमेरिकेतील ओकलंड शहराने २६ सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या बेसबॉल संघाला शेवटचा निरोप दिला. ॲथलेटिक्स हा संघ तेथे १९६८ पासून खेळत होता. एरवी ओस पडलेल्या मैदानावर त्या दिवशी ४६ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. संघ जिंकला, पण लोक रडत होते. २०२५ पासून हा संघ वेस्ट सॅक्रामेंटो शहरात तात्पुरता मुक्कामाला आहे आणि २०२८ मध्ये लास व्हेगासला जाण्याचे नियोजन आहे. आपला संघ जाणार का, ही धास्ती ओकलंडच्या चाहत्यांनी कित्येक वर्षे उराशी बाळगली होती. मात्र या संघाने गाव सोडण्याची ही पहिली वेळ नव्हती. सत्तर वर्षांपूर्वी फिलाडेल्फिया शहराने याच संघासाठी अशीच घालमेल अनुभवली होती. त्या गोष्टीच्या केंद्रस्थानी एक उंच, सडपातळ गृहस्थ होते. तब्बल ५० हंगाम त्यांनी हा संघ चालवला. त्यांचे नाव कॉनी मॅक.

कॉनी मॅक कोण होते?

कॉर्नेलियस मॅकगिलिकडी हे त्यांचे खरे नाव. जन्म २२ डिसेंबर १८६२, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्ट ब्रूकफील्ड या छोट्या गावी. आईवडील आयर्लंडहून आलेले. वडील गिरणीत राबणारे, अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिक म्हणून जाऊन आलेले. घरची ओढाताण असल्याने कॉर्नेलियस यांनी लहानपणीच सुट्टीत कापड गिरणीत काम केले. पुढे शाळा सुटली आणि बुटांच्या कारखान्यात नोकरी लागली. लांबलचक आडनावाऐवजी गावात सगळे मॅक असेच म्हणत, तेच पुढे रूढ झाले.

गावच्या संघात ते कॅचर होते. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक उभा राहतो, साधारण तशीच ही जागा. १८८४ मध्ये ते पगारी खेळाडू झाले आणि १८८६ मध्ये वॉशिंग्टनच्या संघातून वरच्या लीगमध्ये पोहोचले. फटकेबाजीत ते सामान्यच होते, पण डोके तल्लख होते. चेंडू बॅटला चाटून गेल्याचा आवाज तोंडाने हुबेहूब काढून पंचांना फसवण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

१८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची लीग काढली. मॅक यांनी बफेलोच्या संघात आपली साठवलेली पुंजी गुंतवली. ती लीग एकाच हंगामात बुडाली आणि पैसेही गेले. पुढल्या आयुष्यात पैशांबाबत ते जे जपून वागले, त्याची मुळे या काळात दिसतात. १८९२ मध्ये पत्नीचे निधन झाले. तीन लहान मुले मागे राहिली. त्यातले दोघे, रॉय आणि अर्ल, या गोष्टीत पुढे पुन्हा भेटतील.

फिलाडेल्फियात हा संघ आला कसा?

पिट्सबर्ग संघाचे खेळाडू-व्यवस्थापक म्हणून तीन हंगाम आणि नंतर मिलवॉकीत चार हंगाम काढल्यावर मॅक यांना मोठी संधी मिळाली. बेसबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे संघनिवड, डावपेच आणि मैदानावरचे निर्णय असे सगळे पाहणारा माणूस. १९०१ मध्ये अमेरिकन लीग या नव्या स्पर्धेने जुन्या नॅशनल लीगला आव्हान दिले आणि फिलाडेल्फियात संघ उभा करण्याची जबाबदारी मॅक यांच्यावर सोपवली. शहरात फिलीज हा नॅशनल लीगचा संघ १८८३ पासून होता. म्हणजे नव्या संघाला घरातच भाऊबंद होता.

मॅक यांनी बेसबॉलचे चेंडू बनवणाऱ्या उद्योगातील बेन शायब यांना भागीदार म्हणून गाठले. निम्मी मालकी शायब यांची, पाव हिस्सा मॅक यांचा आणि उरलेला पाव दोन क्रीडा पत्रकारांचा, अशी रचना झाली. काही वर्षांनी पत्रकारांचा हिस्साही मॅक यांनी विकत घेतला आणि ते निम्म्याचे मालक झाले. बहुतेक संघांत मालक वेगळा आणि व्यवस्थापक वेगळा असे. इथे मालक स्वतःच संघ चालवत होता. त्यामुळे त्यांना नोकरीवरून काढणारे कोणी नव्हते. ही गोष्ट आधी संघाच्या पथ्यावर पडली आणि नंतर मुळावर आली.

‘पांढरा हत्ती’ हे चिन्ह कुठून आले?

न्यूयॉर्कच्या प्रतिस्पर्धी संघाचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी १९०२ मध्ये या नव्या संघाची पांढरा हत्ती अशी टर उडवली. पांढरा हत्ती पोसणे हा वाक्प्रचार मराठीतही आहेच. ज्याचा खर्च झेपत नाही आणि उपयोगही नाही, अशी चैन. मॅक यांनी तो टोमणा उचलला आणि हत्तीलाच संघाचे चिन्ह करून टाकले. त्याच वर्षी संघाने अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवले. १९०५ मध्ये पुन्हा एकदा.

१२ एप्रिल १९०९ रोजी उत्तर फिलाडेल्फियात शायब पार्क हे मैदान खुले झाले. पोलाद आणि काँक्रीटचे हे मेजर लीगमधले पहिले मैदान. त्याआधीची मैदाने लाकडी असत आणि आगीत भस्मसात होत. पहिल्याच दिवशी ३० हजारांहून अधिक लोक आले. त्या हंगामात ६ लाख ७४ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी हजेरी लावली. पुढच्या काळात संघाने १९१०, १९११ आणि १९१३ अशा तीन वर्ल्ड सीरिज जिंकल्या. अंतर्क्षेत्रातल्या चार खेळाडूंच्या चौकडीला लोक लाख डॉलरची चौकडी म्हणत.

मॅक गणवेश घालत नसत. सूट, कडक कॉलर, डोक्यावर टोपी आणि हातात गुंडाळलेले स्कोअरकार्ड. ते हलवून क्षेत्ररक्षकांना डावी-उजवीकडे सरकवायचे. आवाज चढवणे, शिवीगाळ करणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. खेळाडू त्यांना मिस्टर मॅक म्हणत. गिरणी कामगारांच्या या शहराला असा शांत, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा माणूस आपलासा वाटला.

जिंकणारा संघ त्यांनी मोडला का?

इथे त्या काळचे अर्थकारण समजून घ्यावे लागते. तेव्हा टीव्हीचे हक्क नव्हते की प्रायोजकांचे करार नव्हते. उत्पन्न म्हणजे मुख्यतः तिकिटे. शिवाय खेळाडूचा करार एका संघाशी कायमचा बांधलेला असे. मालकाच्या मर्जीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, पण मालक त्याला विकू शकत असे. थोडक्यात, संघाच्या तिजोरीत पैसा नसला तरी मैदानावर विकता येण्याजोगी मालमत्ता असे.

१९१४ मध्ये फेडरल लीग नावाची तिसरी स्पर्धा उभी राहिली आणि तिने जास्त पगाराचे आमिष दाखवून खेळाडू फोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा बलाढ्य संघ वर्ल्ड सीरिजमध्ये बोस्टन ब्रेव्ह्जकडून ०-४ असा सपाटून हरला. त्या हंगामात संघाने ९९ सामने जिंकले होते, तरी प्रेक्षकसंख्या साडेतीन लाखांच्या आत घसरली होती. सतत जिंकण्याची सवय झाल्याने लोक सुस्तावले होते. मॅक यांच्यासमोर दोन पर्याय होते. पगार वाढवून तोटा सोसायचा किंवा संघ मोकळा करायचा. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. एडी कॉलिन्स या अव्वल खेळाडूला शिकागोला ५० हजार डॉलरना विकले. एडी प्लँक आणि चीफ बेंडर हे आघाडीचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, फेडरल लीगमध्ये गेले. फ्रँक बेकर यांनी कराराच्या वादात १९१५ चा हंगाम घरी बसून काढला आणि नंतर तेही विकले गेले.

परिणाम भयंकर झाला. १९१५ मध्ये ४३ विजय आणि १०९ पराभव. १९१६ मध्ये तर ३६ विजय आणि ११७ पराभव. विजयाच्या टक्केवारीत १९०० नंतरच्या मेजर लीगमधला हा नीचांक ठरला. १९१५ ची प्रेक्षकसंख्या दीड लाखाच्याही आत आली. १९१५ ते १९२१ अशी सलग ७ वर्षे संघ तळाला राहिला.

तरीही संघ शहरात कसा टिकला?

याचे एक कारण म्हणजे तेव्हा जायला जागा नव्हती. १९०३ नंतर दोन्ही लीगमधल्या १६ संघांची गावे जणू दगडावर कोरलेली होती. प्रवास रेल्वेने होत असल्याने सगळे संघ देशाच्या पूर्वेकडील भागात आणि मध्य-पश्चिमेत एकवटले होते. संघ कितीही हरला तरी तो आपल्या गावचाच, हे चाहत्यांनी गृहीत धरले होते. मालकांनीही धरले होते.

दुसरे कारण मॅक यांची चिकाटी. वयाच्या साठीत त्यांनी पुन्हा संघ बांधला. बाल्टिमोरकडून लेफ्टी ग्रोव्ह या पिचरसाठी १ लाख ६०० डॉलर मोजले. अल सिमन्स, मिकी कॉक्रेन आणि अवघ्या सतरा वर्षांचे जिमी फॉक्स हे तरुण जमवले. १९२९ ची वर्ल्ड सीरिज आजही सांगितली जाते. पहिल्या सामन्यात मॅक यांनी सगळ्यांना चकित करत हॉवर्ड एमके या उतरणीला लागलेल्या पिचरला उतरवले आणि त्याने १३ जणांना बाद केले. चौथ्या सामन्यात ०-८ असे मागे असताना संघाने एकाच डावात १० धावा काढल्या. १९२९ आणि १९३० अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सीरिज या संघाने जिंकल्या. १९३१ मध्ये १०७ विजयांसह लीगचे विजेतेपदही मिळाले. वर्ल्ड सीरिज मात्र सात सामन्यांच्या लढतीत हातची गेली.

मग दुसऱ्यांदा विक्री का करावी लागली?

१९२९ ची वर्ल्ड सीरिज १४ ऑक्टोबरला संपली. त्यानंतर दोनच आठवड्यांत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. फिलाडेल्फिया हे गिरण्या-कारखान्यांचे शहर. काम गेलेला माणूस तिकीट कुठून काढणार? १९२९ मध्ये ८ लाख ३९ हजार असलेली प्रेक्षकसंख्या १९३३ मध्ये तीन लाखांच्या आत आली. पेनसिल्व्हेनियात रविवारी व्यावसायिक सामने खेळण्यास धार्मिक कायद्याने बंदी होती. ती १९३४ मध्ये उठली. तोपर्यंत कामगाराच्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशीच मैदानाला टाळे असे.

दुसरीकडे बोस्टनचा रेड सॉक्स संघ १९३३ मध्ये टॉम यॉकी या गर्भश्रीमंत तरुणाने विकत घेतला होता. न्यूयॉर्क यँकीजच्या मागे मद्यउद्योगाचा पैसा होता. मॅक यांच्या मागे बेसबॉलशिवाय दुसरा धंदा नव्हता. वर बँकेचे देणे होते. १९३२ मध्ये सिमन्स आणि दोन सहकारी एक लाख डॉलरना शिकागोला गेले. डिसेंबर १९३३ मध्ये कॉक्रेन डेट्रॉइटला, तर ग्रोव्ह आणखी दोघांसह बोस्टनला सव्वा लाख डॉलरना. दोन वर्षांनी फॉक्सही बोस्टनला. वीस वर्षांत दुसऱ्यांदा फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी आपले लाडके खेळाडू दुसऱ्यांच्या गणवेशात पाहिले. पहिल्या वेळी राग होता. या वेळी रागाबरोबर अविश्वासही आला. चांगला खेळाडू घडला की तो विकलाच जाणार, असे लोक धरून चालू लागले.

पत्र्याच्या भिंतीने काय बिघडवले?

शायब पार्कच्या उजव्या बाजूला विसाव्या रस्त्यावर कामगारांची रांगेतली घरे होती. गच्चीवरून आणि माडीच्या खिडक्यांतून सामना सहज दिसे. मोठ्या सामन्यांना घरमालक गच्चीवर बाक टाकून थोड्या पैशांत जागा देत. मंदीत त्या कुटुंबांना तेवढाच आधार. तिकीट खिडकीवर मात्र हा घाटा दिसे. संघाच्या व्यवस्थापनाने १९३५ मध्ये उजवीकडची १२ फुटांची भिंत पन्हाळी पत्रे लावून ३० फुटांच्या वर नेली. गच्च्या अंधारल्या. शहराने तिला आकसाची भिंत असे नाव दिले.

हिशेबाच्या वहीत हा निर्णय चुकीचा नसेलही. पण त्या गच्च्यांवर बसणारे लोक म्हणजे संघाचे सख्खे शेजारी होते. त्यांच्यापैकी किती जण तिकीट काढून आत आले हा वेगळा प्रश्न. संघाला आपली गरज आहे ती फक्त पैशापुरती, ही भावना मात्र त्या पत्र्यांनी पक्की केली.

मॅक वेळीच का थांबले नाहीत?

१९३५ ते १९४६ या १२ हंगामांत संघ ९ वेळा तळाला राहिला. १९३७ मध्ये मॅक यांची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. दुसऱ्या कोणत्याही संघात त्यांना सन्मानाने निरोप मिळाला असता. इथे निर्णय घेणारे तेच होते. शायब बंधूंच्या निधनानंतर संघाचे अध्यक्षपद आणि बहुसंख्य समभागही त्यांच्याकडे आले.

या काळात खेळ बदलत होता. इतर संघांनी लहान शहरांतले संघ ताब्यात घेऊन खेळाडू घडवण्याची साखळी उभारली. मॅक त्यात मागे राहिले. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ब्रुकलिनकडून खेळून मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फोडली. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी, शायब पार्कच्या आसपासही. तरी ॲथलेटिक्सच्या गणवेशात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, बॉब ट्राइस, उतरला तो सप्टेंबर १९५३ मध्ये. स्वस्तात गुणी खेळाडू मिळवण्याची आणि मैदानाच्या शेजारच्या वस्तीला आपलेसे करण्याची संधी संघाने अशी दवडली.

वय झाल्याने मॅक यांच्याकडून सामन्यात चुकीच्या सूचना जात. कधी जुन्या, कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूचे नाव तोंडी येई. मदतनीस ती सूचना हळूच सुधारून घेत. १९४८ मध्ये मात्र विझण्याआधी ज्योत मोठी व्हावी तसे झाले. संघाने ८४ सामने जिंकले, काही काळ आघाडी घेतली आणि ९ लाख ४५ हजार प्रेक्षक आले. संघ चांगला खेळला तर शहर येते, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

घरातल्या वाटणीचा संघाशी काय संबंध?

मॅक यांनी १९१० मध्ये दुसरा विवाह केला होता. त्या संसारात एक मुलगा आणि चार मुली झाल्या. संघाचे समभाग त्यांनी तीन मुलांमध्ये वाटले. मुलींनाही वाटा मिळावा असे पत्नी कॅथरीन यांचे म्हणणे होते. त्यावरून पतीपत्नीत इतका दुरावा आला की काही काळ दोघे वेगळे राहिले. पुढे पहिल्या पत्नीची मुले रॉय आणि अर्ल एका बाजूला, तर सावत्र भाऊ कॉनी ज्युनियर आणि शायब कुटुंबाचे वारस दुसऱ्या बाजूला, अशी फळी पडली.

१९५० मध्ये रॉय आणि अर्ल यांनी दुसऱ्या गटाचे समभाग विकत घेतले. त्यासाठी त्यांनी शायब पार्क गहाण ठेवून एका विमा कंपनीकडून साडेसतरा लाख डॉलरचे कर्ज काढले. हा पैसा नव्या खेळाडूंवर किंवा मैदानावर लागला नाही. तो घरातल्या वाटणीत गेला आणि हप्ते मात्र संघाच्या डोक्यावर बसले. शेतजमिनीच्या वाटणीपायी जमीनच गहाण पडावी, तसा हा प्रकार होता.

ते वर्ष मॅक यांच्या फिलाडेल्फियातल्या कारकिर्दीचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. संघ १०२ सामने हरला. त्याच मैदानात १९३८ पासून भाडेकरू असलेल्या फिलीज संघाने त्याच वर्षी नॅशनल लीग जिंकली आणि १२ लाखांहून अधिक प्रेक्षक खेचले. ॲथलेटिक्सला मिळाले ३ लाख १० हजारांच्या आत. ऑक्टोबर १९५० मध्ये, ८७ व्या वर्षी, मॅक व्यवस्थापकपदावरून पायउतार झाले. कारकिर्दीत ३,७३१ विजय आणि ३,९४८ पराभव. दोन्ही विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहेत.

संघ जाणार ही धास्ती कधी सुरू झाली?

१९५३ मध्ये बोस्टन ब्रेव्ह्जने गाव सोडले आणि मिलवॉकी गाठले. पन्नास वर्षांत कोणत्याही संघाने मुक्काम हलवला नव्हता. बोस्टनमध्ये आदल्या वर्षी जेमतेम २ लाख ८१ हजार लोक आले होते, मिलवॉकीत १८ लाखांहून अधिक आले. हे आकडे पाहून सगळ्याच अडचणीतल्या मालकांचे डोळे चमकले. पुढच्या वर्षी सेंट लुईसचा ब्राउन्स संघ बाल्टिमोरला गेला. ज्या शहरात दोन संघ आहेत, तिथला दुबळा संघ जातो, हे सूत्र दिसू लागले. फिलाडेल्फियातही संघ दोनच होते आणि दुबळा कोण हे सांगायची गरज नव्हती.

१९५२ मध्ये बॉबी शँट्झ या ठेंगण्या पिचरने २४ सामने जिंकून दिले आणि सव्वासहा लाख लोक आले. पण ती एका माणसाची करामत होती. पुढच्या हंगामात तो जखमी झाला आणि संघ पुन्हा घसरला. १९५३ मध्ये मैदानाला कॉनी मॅक स्टेडियम असे नाव देण्यात आले. नाव मोठे झाले, तिजोरी रिकामी राहिली.

१९५४ च्या उन्हाळ्यात काय घडले?

त्या उन्हाळ्यात शहराचे महापौर जोसेफ क्लार्क यांनी पुढाकार घेऊन संघ वाचवण्यासाठी समिती नेमली. व्यापारी, कंपन्या, नागरिकांना तिकिटे घेण्याचे आवाहन झाले. पण या मोहिमेतच एक पेच होता. संघ जाण्याची बातमी रोज छापून येत असताना माणूस त्यात जीव कसा गुंतवणार? जो संघ पुढच्या वर्षी नसणार, त्याच्यासाठी लांबून ट्रॉलीने यायचे, गाडी लावायला जागा शोधायची आणि पराभव पाहून परतायचे. अनेकांनी मन आधीच काढून घेतले. धास्तीने स्टँड ओस पडले आणि ओस स्टँड दाखवून धास्ती खरी ठरली.

संघ १०३ सामने हरला. हंगामभरात ३ लाख ४ हजार ६६६ प्रेक्षक आले. घरच्या ७७ सामन्यांवर विभागले तर सामन्यामागे चार हजारही नाहीत. १९ सप्टेंबर १९५४ रोजी यँकीजविरुद्ध घरच्या मैदानावर शेवटचा सामना झाला. तीसेक हजारांच्या मैदानात १,७१५ प्रेक्षक होते.

अखेरचा सौदा कसा झाला?

शिकागोचे उद्योजक अर्नोल्ड जॉन्सन यांना संघ कॅन्सस सिटीला न्यायचा होता. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमची आणि कॅन्सस सिटीच्या मैदानाची मालकी त्यांच्याकडे आधीच होती, यँकीजच्या मालकांशी व्यावसायिक संबंधही. ऑक्टोबरमध्ये लीगने त्यांना अनुकूलता दाखवली. तेवढ्यात फिलाडेल्फियातील स्थानिक उद्योजकांचा गट पुढे आला आणि मॅक कुटुंबाने त्यांना होकार दिला. शहराने सुटकेचा श्वास सोडला. पण लीगच्या इतर मालकांच्या बैठकीत या गटाला पुरेशी मते मिळाली नाहीत आणि तो सौदा फिसकटला.

मग जॉन्सन थेट मॅक यांच्या घरी गेले. ९१ वर्षांच्या मॅक यांनी विक्रीच्या कागदांवर सही केली. ८ नोव्हेंबर १९५४ रोजी लीगने विक्रीवर शिक्कामोर्तब केले. कर्जाच्या बोजासह व्यवहार सुमारे ३५ लाख डॉलरचा होता. ५४ हंगामांचे नाते एका बैठकीत संपले. ज्या शहराचा संघ होता, त्या शहराला त्या बैठकीत एकही मत नव्हते.

१९५५ च्या पहिल्या हंगामात कॅन्सस सिटीत १३ लाख ९३ हजार प्रेक्षक आले. मॅक त्यानंतर फार जगले नाहीत. पडून खुब्याचे हाड मोडले आणि ८ फेब्रुवारी १९५६ रोजी फिलाडेल्फियातच, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. संघ गेला, ते गेले नाहीत.

मग चूक कोणाची?

संघ गेल्यावर बोट चाहत्यांकडे दाखवले गेले. लोक आले नाहीत म्हणून संघ गेला, हे उत्तर सोपे आहे. पण रिकामे स्टँड हे साखळीतले शेवटचे कडे होते. त्याआधी दोनदा विकलेला विजेता संघ होता, शेजाऱ्यांच्या गच्च्या झाकणारे पत्रे होते, नव्या काळाकडे फिरवलेली पाठ होती आणि घरातल्या वाटणीसाठी काढलेले कर्ज होते. चाहते १९२९ मध्ये आले होते आणि १९४८ मध्येही आले होते.

मॅक यांनाही खलनायक ठरवता येत नाही. त्यांनी मंदीत संघ बुडू दिला नाही आणि अर्धशतक दुसऱ्या शहराचा विचार केला नाही. पण ज्या एकट्या खांबावर त्यांनी घर तोलले, तो खांब ते स्वतः होते. पुढची व्यवस्था त्यांनी लावली नाही. घरचा संघ भावनेने गावाचा असतो, कागदावर मात्र मालकाचा. मालक भला असेल तोवर हा फरक जाणवत नाही.

पुढे ‘हत्ती’चे काय झाले?

कॅन्सस सिटीतल्या १३ हंगामांत संघाला एकदाही विजयाचे पारडे जड ठेवता आले नाही. रॉजर मॅरिस यांच्यासारखे चांगले खेळाडू यँकीजकडे जात राहिले. १९६८ मध्ये नवे मालक चार्ल्स फिन्ली यांनी संघ ओकलंडला नेला. तेथे चार वर्ल्ड सीरिज जिंकल्यावरही जुने दुखणे परतले. महागडे खेळाडू सोडणे, जुनाट मैदान, घटती गर्दी आणि जाण्याच्या बातम्या. १३ जून २०२३ रोजी ओकलंडच्या चाहत्यांनी उलटा बहिष्कार घातला. मैदान रिकामे ठेवण्याऐवजी २७ हजारांहून अधिक लोक मुद्दाम आले आणि मालकाने संघ विकावा, अशी मागणी केली. दोष आपला नाही, एवढेच त्यांना दाखवायचे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये इतर संघांच्या मालकांनी एकमताने स्थलांतर मंजूर केले. याही वेळी शहराला मत नव्हते.

फिलाडेल्फियातले ते जुने मैदान १९७६ मध्ये पाडले गेले. आज तिथे चर्च आहे. मॅक यांचा पुतळा मात्र शहरातच आहे. तो आता फिलीजच्या नव्या स्टेडियमबाहेर उभा आहे, म्हणजे एकेकाळी त्यांचा भाडेकरू असलेल्या संघाच्या दारात. अंगात सूट आहे, हातात स्कोअरकार्ड आहे. ज्या संघासाठी ते स्कोअरकार्ड हलायचे, तो संघ तिथून हजारो किलोमीटर दूर आपल्या चौथ्या गावातून पाचव्या गावाकडे निघाला आहे.